तीनशे सत्तर कदम

"बेन, काचेची पेटी मंगळवारी येते. तुमचं आता फायनल करा."

प्रकाशभाईंचा सकाळपासूनचा हा तिसरा फोन. मी तेव्हा गोडादऱ्यात, आमच्या शहरातल्या खानदेशी वस्तीत, एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर फरशीवर बसले होते. समोर माझा लेआउट पसरलेला होता. चार फूट बाय तीन फूट. त्याच्या पलीकडे सुपडू आबा. वय शहात्तर, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा लावला. कागदावर एका जागी एक बोट ठेवलं, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्यापासून बावीस इंचांवर ठेवलं. मग दोन्ही बोटं उचलून घेतली.

"हाई खोटं शे, माय," ते म्हणाले.

माझी आई खानदेशातली, त्यामुळे अहिराणी मला कळते. आणि 'खोटं' हा शब्द कुठल्याही भाषेत कळतो. मी महिनाभर या कागदावर काम केलं होतं. मला राग आला, हे आधीच सांगून टाकते.

मी मॉडेलं बनवते. पंचवीस वर्षं झाली. कतारगामला माझं वर्कशॉप आहे. खालच्या मजल्यावर हिरे घासायच्या चकत्या, घंट्या म्हणतात त्यांना, फिरतात आणि वर माझं टेबल दिवसभर हलक्यानं थरथरत असतं. माझं गिऱ्हाईक म्हणजे बिल्डर. बुकिंग ऑफिसात काचेखाली जी इमारत दिसते, झाडं, गाड्या, बाकावर बसलेलं जोडपं, ते आमच्यासारख्यांचं काम. त्यात एक पद्धत असते, ती लोकांना माहीत नसते. टेबलाचा साइज आधी ठरतो, कारण ऑफिसात जागा तेवढीच असते. मग बिल्डर म्हणतो, मेन रोड दिसला पाहिजे, शाळा दिसली पाहिजे, गार्डन दिसलं पाहिजे. ते सगळं खरं तर दीड किलोमीटर लांब असतं. आम्ही ते ओढून आणतो. याला आम्ही 'जवळ घेणं' म्हणतो. इमारत मापात, बाकीचं जवळ घेतलेलं. शेजारची घाणेरडी खाडी तर मी आजवर एकाही मॉडेलात दाखवलेली नाही. कोणी विचारतही नाही.

आता ऑर्डरबद्दल. प्रकाशभाईंचं पांडेसराला कलर-केमिकलचं गोडाऊन आहे. त्यांचा मोठा भाऊ आत्माराम एकाहत्तरच्या लढाईत गेला. प्रकाशभाई तेव्हा आठ वर्षांचे. समाजाच्या वाडीचा, म्हणजे कार्यालयाचा, नवा हॉल बांधून होत आला होता आणि तिथे भावाच्या नावानं काहीतरी ठेवायचं त्यांनी ठरवलं. फोटो नको, पुतळा नको. "ती जागा दाखवा, जिथे तो गेला. एकदम खरी. लोकांनी बघितलं पाहिजे." अशा देखाव्याच्या मॉडेलला डायोरामा म्हणतात. मी याआधी लष्करी डायोरामा कधी केला नव्हता. पण हो म्हणून बसले. उद्घाटनाला सहा आठवडे होते.

मी अभ्यास केला. खूप केला. त्या वेळचा ऑलिव्ह ग्रीन कपडा कसला, हेल्मेटवर जाळी कशी, रायफल कुठली, खंदकाच्या तोंडाशी मातीच्या गोण्या कशा रचतात. स्केल घेतलं एकास बहात्तर. म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. हिशेबाला सोपं. या मापाचे प्लास्टिकचे सैनिक मिळतात, त्यांची डोकी-हात कापून आपल्याला हवे तसे बदलता येतात.

जागेची मात्र कुठल्या पुस्तकात नोंद नव्हती. पश्चिम सीमेवर एका कालव्याचा उंच बांध. बांधावर आपले खंदक. समोर शेत. शेतापलीकडे ट्यूबवेलची एक खोली, आणि त्या खोलीत दोन जवान बसवलेले. त्यांनी फक्त ऐकायचं. शत्रू येतोय अशी चाहूल लागली की मागे टेलिफोननं कळवायचं. त्या दोघांतला एक आत्माराम. एका दुपारी खोलीवर तोफगोळे पडले. दुसरा जवान जागीच गेला. आत्माराम जखमी होऊन दाराबाहेर येऊन पडला आणि अंधार पडल्यावरच त्याला आणता आलं. तोवर तो उरला नव्हता.

मी प्रकाशभाईंना विचारलं होतं, तिथे हजर असलेलं कोणी आहे का.

"आहे एक. आमच्याच गावचे. राहतात पण गोडादऱ्यातच. पण आमचं बोलणं नाही."

"कधीपासून?"

"मी लहान होतो तेव्हापासून. लढाई संपल्यावर भावाची ट्रंक घेऊन तेच घरी आले होते. आईनं विचारलं, शेवटी काय झालं. तर म्हणाले, तो एकटा नव्हता, आम्ही सगळे त्याला बघत होतो. आई मरेपर्यंत एकच म्हणायची. बघत होते, मग उचलून का नाही आणला?"

मग ते म्हणाले, तुम्ही जाऊन भेटा, माझं नाव मात्र घेऊ नका. मी नाव घेतलंच. त्याशिवाय कोण कशाला बोलेल?

तर ते हे सुपडू आबा. माझ्या लेआउटला खोटं म्हणणारे.

"काय खोटं आहे आबा? खंदक तुम्ही सांगितला तसाच काढलाय."

"खंदक बरोबर. गहू खोटा." मी शेतात कमरेएवढा गहू दाखवला होता. माझ्याकडे सोनेरी गवताच्या शीट पडून होत्या आणि शेत म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तेच येतं. "डिसेंबरात गहू चार बोटं राहतो. नुकता पेरलेला. त्यात ससा लपत नाही, माणूस कुठला लपेल?"

मी लिहून घेतलं. गहू चार बोटं.

"आणि हे अंतर." त्यांनी पुन्हा बोटं टेकवली, एक बांधावर, एक ट्यूबवेलवर. "हे कितलं धरलं तू?"

मी मनातल्या मनात हिशेब केला. बावीस इंच गुणिले बहात्तर. फौजी कदम तीस इंचांचा. "त्रेपन्न कदम."

"तीनशे सत्तर होते."

"आबा, इतक्या वर्षांनी तुम्हाला आकडा..."

"टेलिफोनची तार मीच टाकली ना. रीळ पुरेल का ते बघायला मोजत गेलो. जाताना तीनशे सत्तर, येताना तीनशे सत्तर." त्यांचा आवाज चढला नाही. "तू हे असं मांडशील. लोक येतील, लहान पोरं येतील. म्हणतील, एवढा जवळ पडला होता आणि यांनी बघत बसून मरू दिला. मग मला उद्घाटनाला बोलावू नका. नंतर त्या हॉलमध्ये नातवाच्या लग्नालाही मला येता येणार नाही."

मी जवळ घेतलं होतं. सवयीनं. बुकिंग ऑफिसातलं गार्डन ओढावं तसा एक मेलेला माणूस मी बांधाच्या पायथ्याशी ओढून आणला होता. आणि तेही एकदम खऱ्या डायोरामात, जिथे हेल्मेटच्या जाळीसाठी मी चार दिवस घालवले होते. मला माझीच लाज वाटली.

"तुम्ही गेला होतात का त्यांच्याकडे?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

आबांनी माझ्याच पेन्सिलीनं कागदाच्या कडेला एक रेघ ओढली. तिचं एक टोक बांध, एक टोक ट्यूबवेल. मग रेघेवर एक फुली मारली. "पहिल्यांदा एकशेवीस कदम. साहेबांनी मागे ओढायला दोन माणसं पाठवली." मग दुसरी फुली. "दुसऱ्यांदा दोनशे दहा." त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. कोपराखाली जुना वण होता. त्या हाताची मूठ पुरती मिटत नव्हती. "गोळी लढाईत लागली एवढं गावाला माहीत आहे. कुठे जाताना लागली ते नाही. अंधारात आणलं तर मी त्याला मेलेलाच ना. मग त्याच्या आईला काय सांगू, की मी अर्ध्या वाटेपर्यंत आलो होतो?"

"हे प्रकाशभाईंना सांगा ना."

"मी सांगणार नाही आणि तूही सांगू नको. मॉडेलात दाखवू तर मुळीच नको. फक्त अंतर बरोबर ठेव."

मी शब्द दिला, कागद गुंडाळला आणि निघाले. वर्कशॉपला पोचेपर्यंत डोक्यात एकच आकडा फिरत होता. तीनशे सत्तर कदम, म्हणजे दोनशे ब्याऐंशी मीटर. एकास बहात्तरमध्ये बारा फूट दहा इंच. माझं टेबल चार फुटांचं आणि पेटी मंगळवारी येणार.

पुढचे तीन दिवस मला एका जागी बसवलं नाही. पहिला उपाय, स्केल लहान करायचं. एकास तीनशे केलं की सगळं टेबलावर मावतं, पण माणूस पाव इंचाचा होतो. खिचडीतला मुगाचा दाणा. त्याला आत्माराम कोण म्हणणार? दुसरा उपाय, लांबच्या वस्तू मुद्दाम लहान करायच्या, म्हणजे डोळा फसतो आणि अंतर जास्त वाटतं. समोरून छान दिसतं. बाजूनं आलेल्या माणसाला मात्र सगळी बनवाबनवी दिसते आणि हॉलमध्ये लोक बाजूनंच येणार होते. तिसरा उपाय, शेत मधेच कापायचं आणि तिथे एक पाटी लावायची. तो मी स्वतःच खोडला. पाटी वाचतो कोण?

मी चिडले की येरझारा घालते. माझं वर्कशॉप म्हणजे लांबट गॅलरी आहे. एका टोकाला लेझर कटर, दुसऱ्या टोकाला खिडकी. चौथ्या दिवशी कटरपासून खिडकीपर्यंत जाताना मी थांबले आणि टेप लावली. साडेतेरा फूट. म्हणजे हे अंतर मी तीन दिवस पायांनी मोजत होते.

चार बाय तीन म्हणजे बारा चौरस फूट. तेरा बाय एक म्हणजे तेरा चौरस फूट. प्लायवूड जवळपास तेवढंच. टेबल सोडून द्यायचं, पट्टी करायची. तेरा फूट लांब, एक फूट रुंद, भिंतीला लागून. एका टोकाला बांध, एका टोकाला ट्यूबवेल, मधे चार बोटं गहू.

प्रकाशभाईंना फोन केला. त्यांना ते अजिबात पटलं नाही.

"तेरा फुटांत बारा फूट गहू? लोक हसतील बेन. पेटीची ऑर्डर होऊन गेली आहे."

"अंतर तेवढं होतं."

"कोण म्हणतं?"

मी विषय पट्टीच्या प्लायवूडवर नेला.

"ते म्हणतात ना? मग बेन, त्यांना तर लांबच पाहिजे. त्यांच्या फायद्याचं आहे. तुम्हाला दुसरा पुरावा मिळाला का?"

माणूस चुकीचं बोलत नव्हता. एका साक्षीदारावर मॉडेल करू नये, आणि ज्याचं नाव पणाला लागलं आहे त्याच्या एकट्याच्या सांगण्यावर तर मुळीच करू नये. मी सॅटेलाइट नकाशा उघडला. आबांनी सांगितलेलं गाव सापडलं, बांधही सापडला. समोरच्या शेतात ट्यूबवेलच्या खोल्या तीन दिसल्या, तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर. कुठली जुनी, कुठली नंतरची, आकाशातून कोण सांगणार? एक दिवस वाया गेला.

मग मला पत्र आठवलं. आत्मारामचं शेवटचं पत्र प्रकाशभाईंनी मला पेटीत ठेवायला दिलं होतं. मी ते एकदा वाचून बाजूला ठेवलेलं. आता मापासाठी वाचलं. आमच्या धंद्यातली ही वाईट खोड आहे, आम्ही लग्नाच्या फोटोतसुद्धा दरवाज्याची उंची बघतो. आईची तब्येत, बैलाची चौकशी, प्रकाशला शाळेत पाठव. आणि मधेच चार ओळी. पुढे आम्ही दोघंच असतो. चहा घेऊन कोणी निघालं की दिसतं, पण कोण निघालंय ते तो निम्म्या शेतात आल्यावर कळतं. सुपड्या असला तर मी लांबूनच ओळखीन असं म्हणतो, पण ओळखू येत नाही. पोचेपर्यंत चहा पार गार होतो.

त्रेपन्न कदमांवरचा ओळखीचा माणूस कोणालाही ओळखू येतो. मी पत्र घेऊन पांडेसराला गेले आणि प्रकाशभाईंसमोर त्या चार ओळींवर बोट ठेवलं. त्यांनी ते पत्र आयुष्यात शेकडो वेळा वाचलं असेल. त्यांनी पुन्हा वाचलं.

"यातून आकडा कुठे निघतो?" ते म्हणाले. पण आवाज आधीसारखा नव्हता.

"निघतो. तुमच्या गोडाऊनसमोरचा रस्ता सरळ आहे. सुट्टीच्या दिवशी रिकामा असतो. मला एक तास द्या."

त्या सुट्टीला मी तीस मीटरची टेप घेऊन गेले. नऊ वेळा पूर्ण टाकली, वर बारा मीटर. दोन्ही टोकांना खडूची रेघ. लांबच्या टोकाला तीन माणसं उभी केली. माझे मिस्त्री रतिलाल, गोडाऊनचा वॉचमन आणि सुपडू आबा. वॉचमनही साठी उलटलेला. तिघांना वॉचमनचेच खाकी शर्ट घालायला लावले. आबांना मी एवढंच सांगितलं होतं की खूण केल्यावर चालत यायचं. ते यायला तयार झाले हेच खूप होतं. जवळच्या टोकाला प्रकाशभाईंना उभं केलं, तिघं कोण ते सांगितलं आणि त्यांच्याकडे पाठ फिरवायला लावली. मी हात हलवून आबांना निघायची खूण केली.

"आता वळा. तिघांतला एक निघालाय. कोण ते सांगा."

प्रकाशभाईंनी डोळ्यांवर हात धरला. "वॉचमन."

"नक्की?"

"मिस्त्री असेल. थांबा जरा." माणूस रस्त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर आला आणि उभा राहिला. थोडा वेळ तसाच उभा. "थांबला का तो?"

मलाही कळलं नव्हतं. मी थांबायला सांगितलं नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. "येतील," मी म्हटलं.

माणूस पुन्हा चालू लागला. रस्त्याच्या मध्यावर येतायेता प्रकाशभाई हळूच म्हणाले, "आबा आहेत." मी खडूनं वहीत खूण केली, पेन शोधण्याइतकंही भान नव्हतं. पत्रात लिहिलं होतं तसंच, निम्म्यावर.

मध्याच्या थोडं पुढे आल्यावर आबा पुन्हा थांबले. या वेळी खाली रस्त्याकडे बघत.

"दमले वाटतं. खुर्ची पाठवू का?"

मी शब्द दिला होता. तो मी मोडला, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

"दमले नाहीत. मघाशी थांबले ना, तिथपर्यंत ते पहिल्यांदा गेले होते, तुमच्या भावाला आणायला. आता थांबलेत तिथपर्यंत दुसऱ्यांदा. तिथे हाताला गोळी लागली."

"कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. माझ्या कागदावर दोन फुल्या आहेत. मॉडेलात दाखवू नको म्हणाले. तुम्हालाही सांगू नको म्हणाले."

प्रकाशभाई बघत राहिले. समोर गहू नव्हता, डांबरी रस्ता होता, एक कुत्रं आडवं गेलं. तरी त्या मोकळ्या रस्त्यावर तो म्हातारा माणूस फार उघडा दिसत होता. त्याच्या पुढे अजून एकशेसाठ कदम होते. मग प्रकाशभाई निघाले. आधी चालत, मग जवळजवळ धावत, बासष्टव्या वर्षी. ते दोघं काय बोलले मला ऐकू आलं नाही. मी टेप गुंडाळत बसले. टेप केव्हाच गुंडाळून झाली होती.

परत आले तेव्हा प्रकाशभाईंनी आबांचा तो हात धरलेला होता.

"बेन, एक माणूस वाढवा."

"कुठे?"

"शेतात. आबा, बरोबर कुठे ठेवायचा ते यांना सांगा."

"नको रे प्रकाश. आता काय करायचं ते दाखवून?"

"नको कसं? आई तर गेली, तिला दाखवता येत नाही. बाकीच्यांनी तरी बघू द्या." ते रडत होते आणि लपवतही नव्हते. "तिच्यासोबत मीही तेच म्हणत आलो, आबा. तुम्ही एकदा तरी सांगायचं होतं."

आबांनी सांगितलं ते मला उद्देशून. "मग पोटावर सरपटणारा कर. उभा नको. उभा कोणी नव्हता."

दोनशे दहा कदम म्हणजे बांधापासून सत्त्याऐंशी इंच आणि वर अर्धा. तिथे मी तो एक इंचाचा माणूस चिकटवला. चार बोटं गहू एकास बहात्तरमध्ये जेमतेम एक मिलिमीटर होतो. त्यात तो पुरता उघडा दिसतो.

उद्घाटन वेळेवर झालं. चार बाय तीनची काचेची पेटी वाया गेली नाही, तिच्यात पत्र आणि ट्रंक आहे. लोक पट्टीच्या एका टोकाला बांध बघतात आणि बाजूबाजूनं चालत दुसऱ्या टोकाला जातात. चालावंच लागतं. निम्मे जण विचारतात, मधे एवढी जागा रिकामी का, एखादा रणगाडा टाकायचा. समाजाच्या एका पुढाऱ्यानं तर मला माझं कार्ड परत दिलं. प्रकाशभाई तिथे असले तर स्वतः पुढे होतात आणि सरपटणारा माणूस दाखवतात. आबा लांब खुर्चीवर बसून दुसरीकडे बघतात.

मी यातून धंद्यापुरतं एवढंच शिकले: टेबल आधी ठरवायचं नसतं. कोण कुठून निघाला आणि कुठपर्यंत पोचला ते आधी मोजायचं, मग मिस्त्रीला फोन करायचा.